कासवाच्या पाठीवरचा ट्रान्समीटर घरच्या स्कॅनरवर लागेल का?

खाजणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घर आंजर्ल्याला, पोटापाण्याला पुणे. मामा मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या सामानातला एक जुना हँडहेल्ड स्कॅनर (एकामागून एक रेडिओ चॅनेल धुंडाळणारा रिसीव्हर) माझ्या गळ्यात पडला. सोबत यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला रेडिओ रिसीव्हर बनवणारी डबी) मी हौसेने घेतला आहे. गच्चीवरून समुद्र स्वच्छ दिसतो, मध्ये एक सुरूचं बन.

२०२२ च्या जानेवारीत वेळासला ‘प्रथमा’ आणि आमच्या आंजर्ल्याला ‘सावनी’ या ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. फेब्रुवारीत गुहागरला रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. २०२३ मध्ये पुन्हा गुहागरलाच बागेश्री आणि गुहा. बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. गावात शाळेतल्या पोरांनाही ही नावं पाठ आहेत.

प्रश्न साधा आहे. पुढे कधी आमच्या किनाऱ्यावर टॅगिंग झालं, तर त्या कासवाचा सिग्नल गच्चीवरून ऐकता येईल का? ४०१.६५ मेगाहर्ट्झ असं कुठेतरी वाचलं. जाणकारांनी उजेड पाडावा.

उंडी

गच्चीवरून नाही येणार. कारण मात्र वाटतं ते नाही.

हे टॅग आर्गोस नावाच्या, उपग्रहांवरून माग काढणाऱ्या यंत्रणेचे. ४०१.६५ च्या आसपास बोलतात, तुमचं वाचन बरोबर आहे. ताकद साधारण अर्ध्या वॅटच्या घरातली. एक संदेश सेकंदभरसुद्धा चालत नाही, आणि पुढचा मिनिटभराने, कधी त्याहून उशिरा. तेही कासव पाण्यावर असेल तरच. खाऱ्या पाण्यात ही फ्रिक्वेन्सी काही सेंटिमीटरांतच विरते, त्यामुळे पाण्याखाली ओरडून बॅटरी संपवण्यात अर्थ नाही. टॅगच्या अंगावर धातूचे दोन ठिपके असतात. समुद्राच्या पाण्याने ते एकमेकांना जोडलेले असले की ट्रान्समीटर गप्प. श्वास घ्यायला मादी वर आली, ठिपके उघडे पडले, की लगेच संदेश सुटतो.

आता अंतराचं. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, म्हणजे रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. तुमची गच्ची १० मीटर धरली तर १३ किलोमीटर. कासवाची अँटेना पाण्यापासून वीतभर, तिची भर जेमतेम दोन किलोमीटरांची. पण क्षितिजाच्या आत आलं म्हणजे ऐकू आलंच, असं समजू नका. पाण्याला चिकटून निघालेल्या लहरीचे दोन भाग तुमच्यापर्यंत येतात, एक थेट आणि एक पाण्यावरून परावर्तित होऊन. ते एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. त्यामुळे अंतर वाढेल तसा सिग्नल झपाट्याने खरखरीत बुडून जातो. उपग्रह ८०० किलोमीटरवर असूनही त्याला ऐकू येतं, कारण तो वरून ऐकतो.

अंडी घालून मादी पहाटे परत पाण्यात शिरते त्या पहिल्या तासाभरात, पुळणीवरच उभं राहून, एखादी टिचकी वॉटरफॉलवर (फ्रिक्वेन्सींचा सरकता आलेख दाखवणाऱ्या स्क्रीनवर) दिसू शकेल. मात्र त्या वेळी तिथे टॅगिंग करणारी माणसं असतात आणि त्यांना आपली लुडबुड नको असते. टॅग शोधायला त्यांच्याकडे गोनिओमीटर नावाचं खास दिशाशोधक यंत्र मिळतं, तेही जवळ गेल्यावरच उपयोगी पडतं.

सुरंगी

धागा आवडला, वाचतेय. उंडी, एक बाळबोध शंका. संदेश ऐकला तर त्यात ‘मी अमुक ठिकाणी आहे’ असं लिहिलेलं असतं का?

उंडी

सुरंगी ताई, बाळबोध अजिबात नाही. साध्या आर्गोस टॅगमध्ये जागा लिहिलेली नसते. असतो तो टॅगचा क्रमांक, आणि असलीच तर सेन्सरची माहिती, म्हणजे तापमान, बुडीचा कालावधी वगैरे. जागा उपग्रहाच्या धावण्यावरून काढतात. तो सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने जातो. जवळ येताना त्याला फ्रिक्वेन्सी किंचित चढी लागते, लांब जाताना उतरती, डॉप्लर परिणाम तो हाच. ४०१ मेगाहर्ट्झला हा फरक आठ-नऊ किलोहर्ट्झपर्यंत जातो. एका फेरीत तीन-चार संदेश मिळाले की तो उतार काढून कासव कुठे असेल ते गणिताने सांगतात.

गंमत अशी की गणिताला दोन उत्तरं येतात, उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्यातलं एक कधी कधी थेट सातारा जिल्ह्यात पडतं. ते सोडून द्यायचं.

बाव_पोफळीची

माका एक इचारूचा आसा. त्या कासवाच्या पाठीर डबो चिकटवतत, तो त्येका जड होणा नाय?

उंडी

मादीचं वजन ३५ ते ४५ किलो. टॅग काही शे ग्रॅमचा. प्राण्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको हा जगभरचा ढोबळ संकेत, त्याच्या बराच आत. इपॉक्सीने चिकटवतात, पाठीला भोकं पाडत नाहीत. पुढे केव्हातरी तो गळून पडतो. त्याआधीच शेवाळ आणि शिंपले चढून, अँटेना तुटून किंवा बॅटरी संपून आवाज बंद होतो. त्यामुळे ‘सिग्नल थांबला’ म्हणजे ‘कासव मेलं’ असं नसतं, बातम्यांत काहीही छापून येवो.

सुरंगी

या निमित्ताने आठवलं. २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या पुढच्या वल्ह्याला साधी धातूची पट्टी लावली होती. २०२५ च्या जानेवारीत ती गुहागरला अंडी घालताना सापडली! ना बॅटरी, ना उपग्रह, पट्टीवर फक्त एक आकडा. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं इतकी वर्षं ऐकत होतो.

उंडी

+१. आणि त्या पट्टीला हजाराच्या वर रुपये लागत नाहीत.

क्लिक_क्लिक

मी वन्यजीव छायाचित्रण करतो. कासवं राहू द्या, बिबट्यांच्या कॉलरला (गळ्यातल्या पट्ट्याला) व्हीएचएफ ट्रान्समीटर असतो ना? संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांना २०२१ मध्ये लावली होती. स्कॅनरवर ते लागतं असं एका परदेशी व्हिडिओत पाहिलं. आपल्याकडच्या फ्रिक्वेन्सी कुणाकडे असतील तर इथे टाका, नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त फोटोसाठी, त्रास देणार नाही.

पायवाट

नाही. इथेही नाही आणि व्यनितही नाही.

काही वर्षं टेलिमेट्रीच्या, म्हणजे रेडिओने प्राण्यांचा माग काढायच्या कामात हमाली केली आहे, अँटेना धरून डोंगर चढणे या अर्थाने, म्हणून बोलतोय. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यावर यायची ते उघडण्याचा कुणीतरी प्रयत्न केला होता. ती बातमी आल्यावर या क्षेत्रातले सगळे हादरले. तुमचा हेतू चांगला असेल हो. पण धाग्यावर लिहिलेला आकडा कोण वाचेल हे तुमच्या हातात नाही. आणि चांगल्या हेतूच्या सहा गाड्या एका झुडपासमोर उभ्या राहिल्या तरी त्या मादीने पिल्लं उचलून दुसरीकडे न्यायची ती नेतेच.

क्लिक_क्लिक

इतकं तापायची गरज नव्हती. मग निदान ते ऐकू कसं येतं ते तरी सांगा, की तेही गुपित?

पायवाट

ते सांगतो, त्यात गुपित काही नाही.

आजच्या कॉलरमध्ये मुख्य काम जीपीएसचं. माहिती मोबाइल नेटवर्कवरून किंवा उपग्रहावरून कचेरीत जाते. व्हीएचएफ राहतं ते जवळ आल्यावर माग काढायला, आणि गळून पडलेला पट्टा शोधायला. आवाज म्हणजे ‘टिक्... टिक्... टिक्’, साधारण सेकंदाला एक. प्रत्येक टिक् वीसेक मिलिसेकंदांची. प्राणी बराच वेळ हललाच नाही की बहुतेक कॉलर दुप्पट वेगाने टिकटिकायला लागतात. दरीतून तशी घाईची टिकटिक आली की कुणी बोलत नाही, सगळे नुसते चालायला लागतात.

साध्या स्कॅनरवर हे लागत का नाही, तर स्कॅनर एफएमवर असतो. नुसती वाहक लहर आहे, तिच्यात आवाज भरलेलाच नाही, त्यामुळे एफएमवर क्षणभर खरखर दबते एवढंच. नुसत्या वाहक लहरीचाही सूर ऐकवणारा एसएसबी किंवा सीडब्ल्यू मोड लागतो. शिवाय वीस मिलिसेकंदांत स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडत नाही, आणि स्कॅन चालू असेल तर दोन टिकटिकींच्या मधल्या वेळात स्कॅनर पुढच्या चॅनेलवर निघून गेलेला असतो. त्यामुळे या कामाला स्कॅनरचं स्कॅनिंगच आडवं येतं. एका जागी थांबून, स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवून, खरखर ऐकत बसायला लागतं.

दिशा काढायला तीन दांड्यांची यागी अँटेना. ती नसेल तर रिसीव्हर छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. आवाज सगळ्यात कमी झाला की सिग्नल तुमच्या पाठीमागे आहे, मध्ये तुमचं अंग आलं. सह्याद्रीत मात्र कातळावरून परत फिरलेला आवाज असा फसवतो की टिकटिक समोरच्या कड्यावरून येते आणि जनावर मागच्या नाळेत असतं.

संपादक मंडळ

सूचना: या धाग्यावर कोणत्याही टॅग किंवा कॉलर लावलेल्या प्राण्याची फ्रिक्वेन्सी अथवा ताजं ठिकाण देऊ नये. एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. बाकी चर्चा चालू द्या.

मतलई

धागाकर्ते, तुमच्याकडे डोंगल आहे, गच्ची आहे, अँटेनाही ४०० मेगाहर्ट्झचीच करणार होतात. मग कासव सोडा आणि फुगा ऐका. मी गंभीरपणे सांगतोय.

हवामान खातं मुंबईहून आणि पणजीहून हायड्रोजनचे फुगे सोडतं. जगभर ठरलेली वेळ शून्य आणि बारा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे, बहुधा थोडं आधीच. फुग्याखाली लांब दोरीला रेडिओसोंड नावाची डबी. तापमान, आर्द्रता आणि स्वतःची जीपीएस जागा ती खाली सांगत राहते, ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ताकद कासवाच्या टॅगपेक्षाही कमी, पण फुगा ३० किलोमीटर उंच जातो. उंडींच्या सूत्रात घाला: तीस हजारचं वर्गमूळ १७३, गुणिले ४.१, म्हणजे ७०० किलोमीटरच्या वर. आंजर्ल्याहून मुंबई आणि पणजी दोन्हींचे फुगे ऐकू यायला आडकाठी काहीच नाही. मी गुहागर तालुक्यात आहे, मला दोन्ही लागतात.

लागतात कसे ते सांगतो. सुरुवातीला वॉटरफॉलवर काहीच नसतं. मग एक बारीक उभी रेघ, इतकी फिकट की स्क्रीनवर डाग आहे म्हणून पुसायला जावं. फुगा मिनिटाला ३०० मीटर चढतो. दहा-पंधरा मिनिटांत रेघ उजळते, दोन कडा दिसतात, एफएमवर लावली की घर्रर्र असा सलग आवाज आणि त्यात सेकंदासेकंदाला एक ठेका. डीकोडरने (सिग्नल उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरने) पहिली ओळ काढली की आकडे धावायला लागतात. उंची ४,०००, तापमान शून्याच्या वर. उंची १६,०००, तापमान उणे ७५ ते ८०. कौलाखाली घामाघूम बसून उणे ऐंशी वाचायची मजा काही और आहे. दीड-पावणेदोन तासांनी फुगा फुटतो, उंचीचा आकडा एकदम उलटा पळतो, आणि क्षितिजाखाली गेला की शांत.

खाजणवाट (धागाकर्ता)

मतलई, हे भन्नाट आहे! अशी डबी खाली पडते कुठे? शोधता येते का?

मतलई

वाऱ्यावर आहे सगळं. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे, मुंबईची डबी घाट ओलांडून देशावर जाते. पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचा वारा तिला जमिनीकडे ढकलतो, पण १४-१५ किलोमीटरच्या वर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत तिला परत उचलून समुद्रात नेतो. कोकणाच्या वाट्याला येते ती मे महिन्यात, वारे पडलेले असताना.

एकदा मुंबईची डबी रोह्याच्या बाजूला उतरताना दिसली, म्हणून एका मित्राला पिटाळलं. डबी आंब्याच्या कलमाच्या शेंड्यावर, दोरी तीन झाडांवरून ओढत गेलेली, आणि खाली बागेचा राखणदार हातात काठी घेऊन उभा. त्याला वाटलं ड्रोन आहे. मित्राने फोनवर नकाशा दाखवला, वरचं लेबल वाचून दाखवलं, तेव्हा त्याने आकडी आणून काढून दिली. आत एवढासा सर्किट बोर्ड, एक बाहेर काढलेली तार आणि तापमानाचा सेन्सर, केसाएवढा बारीक. बॅटऱ्या अजून चालू होत्या.

हर्णैकर

माझा अनुभव बोटींचा. मोठ्या जहाजांचं एआयएस, म्हणजे स्वतःची ओळख आणि जागा आपोआप सांगत राहणारी यंत्रणा, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर असतं. चालत्या जहाजाचा संदेश दर दोन ते दहा सेकंदांनी, साडेबारा वॅट, आणि अँटेना डोलकाठीच्या टोकावर. जयगड आणि दिघीकडे येणारी-जाणारी जहाजं हर्ण्याहून आरामात दिसतात. कासवाशी तुलना केली तर ही माणसं ढोल बडवत चाललेली असतात.

आमच्या मासेमारीच्या बोटींवर हल्ली सरकारने दिलेले ट्रान्सपाँडर बसतायत, त्या योजनेचा प्रारंभ पालघरला ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. ते मात्र स्कॅनरवर शोधू नका, ते थेट उपग्रहाशी बोलतात. तांडेलाला मोबाइलवर संदेश टाकता येतो, वादळाचा इशारा येतो. कासवासारखंच झालं की, पाठीवर डबा आणि वर उपग्रह.

मतलई

हर्णैकर, मार्च-एप्रिलमध्ये एआयएसवर अचानक खूप लांबची जहाजं दिसतात का हो?

हर्णैकर

दिसतात तर! एखाद्या संध्याकाळी वारा पडलेला, क्षितिजावर धुरकट पट्टा, आणि नकाशावर थेट गुजरातकडची जहाजं. सकाळी सगळी गायब.

मतलई

तेच ते. समुद्रावर दमट हवेचा थर आणि त्यावर जमिनीकडून आलेली कोरडी गरम हवा बसली की मधल्या सीमेवरून लहरी वाकतात आणि क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत. अरबी समुद्र यासाठी जगात नावाजलेला आहे. उंडींचं क्षितिजाचं सूत्र अशा दिवशी बाजूला ठेवायचं.

उंडी

मान्य, पण अर्ध्या वॅटच्या सेकंदभराच्या टिचकीला ते वारं लागेल या आशेवर गच्चीवर झोपू नका. डास फार.

खाजणवाट (धागाकर्ता)

बरं, उपग्रहाने कासवाचं काय ऐकलं, ते उपग्रहाकडून आपल्याला ऐकता येईल का?

उंडी

हा प्रश्न उशिरा विचारलात. एनओएए-१५, १८ आणि १९ हे जुने अमेरिकी उपग्रह १३७.३५ आणि १३७.७७ वर एक मंद डेटा प्रवाह सतत सोडत, त्यात आर्गोसचे गोळा केलेले संदेशही असत. साध्या डोंगलवर, सॅटडम्प हे सॉफ्टवेअर वापरून, हौशी लोक ते उलगडत. १८ क्रमांकाचा जून २०२५ मध्ये बंद केला, बाकी दोन ऑगस्टमध्ये. आता मेटऑप-बी आणि सी हे युरोपचे हवामान उपग्रह उरलेत, त्यांना १.७ गिगाहर्ट्झ, डिश आणि ती फिरवत बसायची चिकाटी लागते. आर्गोसचं अडलं नाही म्हणा. आपला-फ्रेंचांचा सरल उपग्रह २०१३ पासून वर होता, २०२२ मध्ये इस्रोने सोडलेल्या ओशनसॅट-३ वरही आर्गोसचा रिसीव्हर आहे, आणि आता त्याच कामाचे २५ छोटे उपग्रहही फिरतायत.

गोमू

सगळ्यांचा उत्साह बघून आनंद वाटला, पण कुणी कायद्याचं बोललंच नाही. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून यंत्र जवळ बाळगण्यालाच परवाना लागत आला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं हा सरळ गुन्हा आहे. फुग्याचं हवामान ऐकणं आणि पोलिसांचं बोलणं ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रात्री पुळणीवर अँटेना घेऊन उभा राहिलेला माणूस लांबून सारखाच दिसतो. २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर लोक सावध झालेत आणि ते योग्यच आहे. हॅम (हौशी) रेडिओची परीक्षा द्या, अवघड नाही. परवाना हातात असला की निदान बोलायला तोंड राहतं. आणि सरपंच, सागर सुरक्षा दल, जवळची पोलीस चौकी यांना आधी जाऊन सांगा.

हर्णैकर

गोमूंना अनुमोदन. त्यात एक भर. १२१.५ मेगाहर्ट्झवर वरून खाली घसरत जाणारा, सायरनसारखा आवाज सलग ऐकू आला तर तो संकटात सापडलेल्यांच्या बीकनचा असतो. तो ऐकत बसायचा नाही. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. खोटा निघाला तरी चालेल, फोन करायचा.

खाजणवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कासवाचा नाद सोडतो. हॅमचा फॉर्म या महिन्यात भरतो, तोवर सामान जमवतो. ४०३ साठी पाव तरंगलांबीची अँटेना म्हणजे १८ सेंटिमीटरची तार आणि खाली चार तिरप्या तारा, एवढं वाचलंय. केबल कोणती घेऊ? दापोलीत फक्त टीव्हीच्या डिशची आरजी-६ मिळते.

मतलई

तीच घ्या. ती ७५ ओहमची, डोंगल ५०चा, पण ऐकण्यापुरता फरक नगण्य आहे, आणि लांब अंतराला ती बारीक आरजी-५८ पेक्षा कमी खाते. पैसे वाचले ते जोडावर खर्च करा. खाऱ्या हवेत उघडा कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसता. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप, आणि केबल घरात घेताना बाहेर खाली एक वळसा सोडा म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. गच्चीत एलईडीचा स्वस्त दिवा असेल तर आधी तो बंद करून बघा, अर्धी खरखर त्याचीच असते.

बाव_पोफळीची

आनी विजा चमकाक लागल्यार ती तार काढून ठेव रे बाबा. आमच्या शेजाऱ्याचो टीव्ही तसोच गेलो.